फड दाखवणारी उज्वला

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी जळकोटात कुस्त्यांचा फड लागतो. हलगी कडाडली की तिचा आवाज बाजारपेठ ओलांडून शेषेराव पैलवानांच्या अंगणात येतो. त्या वर्षीही आला. बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याची बोटं आपसूक लाकडावर वाजू लागली. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले होते. मान मात्र आवाजाकडं वळलेली, भिंतीपल्याडचं दिसत असल्यासारखी.

गुणाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी नवऱ्याची बोटं पाहिली, मग ओसरीत शिलाई मशीनवर वाकलेल्या सुनेकडं पाहिलं.

"उज्वला, त्यो पिको-फॉल ऱ्हाऊ दे. ह्यांना फडात घेऊन जा."

"मी? आत्याबाई, फडात बाया कुठं बसत्यात?"

"सुदर्शन न्यायचा न्हवं? कानाशी बसून समदं सांगायचा. आता त्यो न्हाई, तर ह्यांनी काय जन्मभर बाजंवरच हलगी वाजवावी?"

"लोक काय म्हणतील?"

"तू बघायला न्हाई चाललीस. दाखवायला चाललीस. ऊठ."

सुदर्शन म्हणजे उज्वलाचा नवरा. पैलवान. औशाचा फड करून येताना लातूरच्या वाटेवर जीप उलटली आणि त्यात तो गेला. तेव्हापासून शेषेराव फडाकडं फिरकले नव्हते. उज्वलाला तर कुस्तीतलं काहीच कळत नव्हतं. नवी नवरी असताना शाळेच्या गच्चीवरून, बायांच्या गर्दीत उभं राहून, तिनं नवऱ्याची एक कुस्ती पाहिली होती. तेवढीच. ती मात्र अशी पाहिली होती की बघता बघता पदर तोंडात गेला आणि दातांनी फाटला.

सासऱ्याचा हात धरून ती फडात शिरली. ताक, हळद आणि तेल घालून मळलेल्या लाल मातीचा वास आला. सुदर्शनच्या अंगाला हाच वास असायचा.

"ओ वहिनी," फेटेवाला एकजण पुढं आला, "बायांची सोय तिकडं गच्चीवर हाय."

"ही उठली तर मी बी उठतो," शेषेराव म्हणाले. "मग पैली कुस्ती लावायला तुझ्या बापाला बोलव."

पहिल्या कुस्तीत पैलवानांच्या हातात हात द्यायचा मान शेषेरावांचा होता. फेटेवाला गुपचूप मागं सरला.

"सांग पोरी," शेषेराव खुर्चीत बसत म्हणाले. "कसा हाय गडी?"

"उंच हाय मामा." ती सासऱ्यांना मामा म्हणायची. "अन् मुंढा लई मोठा. शर्ट शिवायचा म्हणलं तर कापड जास्त लागंल."

म्हातारा हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "बरं. अन् आता?"

"आता त्यानं दुसऱ्याच्या मुंढ्यात हात घातला."

"त्याला बगलेत शिरणं म्हणत्यात. पुढं?"

पुढं गर्दी उठली. धोतरं, पँटी, पाठी. हलगी पेटलेली, लोक ओरडायलेले, सासरा मनगट धरून "पुढं? पुढं?" करायलेला. कुस्ती पापणी लवेपर्यंत होऊन जाते. जीभ मागं राहते. उज्वलानं जीभ थांबू दिली नाही. "खाली गेला मामा. दाबात हाय. डोळे मिटून घेतले त्यानं. उजवा खांदा सैल सोडला... हां, फिरला! फिरला!"

मनगट एवढं आवळलं गेलं की वळ उठले.

"सांग," शेषेराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "थांबू नको."

मागच्या रांगेतून कुणीतरी काठीनं तिच्या खुर्चीला टोचलं. "अव्वा, जरा जोरात बोल की. आमाला बी दिसू दे."

हे शिवप्पा. कुठल्याही बाईला ते अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. उदगीरला खुर्च्यांची वेताची वीण करायचे. लहानपणी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. कुस्तीचा नाद मात्र असा, की साठ वर्षं नुसता लोकांचा आरडाओरडा ऐकून ते परत जायचे आणि घरी सांगायचे, 'आज फड बेस झाला.' त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कळलं की फडात नेमकं काय झालं.

मग नादच लागला. उदगीर, मुखेड, देगलूर. ज्या गावी फड, तिथं शेषेराव आणि उज्वला जायचे, पाठोपाठ शिवप्पा आणि त्यांच्या ओळखीतले डोळ्यांनी अधू असलेले दहा-पंधराजण. लोक आधी हसले. "आंधळे कुस्ती बघायलेत म्हणं!" एका पोरानं टोमणा मारला. शिवप्पा वळून म्हणाले, "हाव बाबा. तुला डोळे हायत, तू हितं काय बघायलास? मोबाईल."

बातमी नांदेडला पोचली. तिथल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मनस्विनी मॅडम स्वतःच एस.टी.नं आल्या. जाड भिंगांचा चष्मा. त्यांना माणूस दिसत नसे, माणसाचा रंग दिसे. पिशवीतून त्यांनी एक लहानसा माइक आणि मूठभर कानात घालायची यंत्रं काढली.

"तुम्ही हळू बोललात तरी सगळ्यांच्या कानात जाईल. मोठमोठ्या स्टेडियममध्ये करतात असं. आपल्याकडं कुणी करत नाही." मग हसून म्हणाल्या, "फक्त एक करा. पैलवानाची लांग, म्हणजे लंगोट, कुठल्या रंगाची ते आधी सांगत जा. लाल वर का निळी वर, एवढं मलाही दिसतं. उरलेलं तुम्ही दाखवा."

नांदेडला कबड्डीचे सामने झाले, तेव्हा मॅडमनी तिला तिकडंही नेलं. परतताना बसमध्ये उज्वलानं सासऱ्यांना विचारलं, "कबड्डी न्हाई आवडली मामा?" "बरी हाय. पण त्यात..." म्हातारा अडखळला. "त्यात माती न्हाई."

उज्वलाला लोक आता फडवाली म्हणू लागले. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया मापं देता देता विचारायच्या, "खरंच गं, तुला भ्या न्हाई वाटत एवढ्या गड्यांत?" ती हसून टेपनं छाती मोजायची. भ्या वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माइक तोंडाशी धरला, गर्दी उठली, की तिला खांद्यामागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटे. ओल्या मातीचा वास दाट होई. शब्द मग शोधावे लागत नसत. घरी आल्यावर ती घागरभर पाणी पिई, तरी घसा कोरडा तो कोरडाच.

औशाच्या फडात शिवप्पांचा पुतण्या उतरणार होता. रामलिंग.

"खांद्यावर बसवून तालमीत नेलाय त्याला," शिवप्पा सकाळपासून सगळ्यांना सांगत होते. "अन् त्याची कुस्ती एकदा न्हाई बघितली. आज बघणार. अव्वा, आज जरा जीव लावून दाखव."

रामलिंग जिंकला. फडाबाहेरच्या हॉटेलात सगळे चहाला बसले. शिवप्पांनी पुतण्याला कवळ्यात घेतलं, पाठीवर थापा मारल्या.

"शाब्बास! खाली गेलास तवा माझं काळीजच गेलं बघ. पण काय त्यो उजवा खांदा सोडलास, अन् काय फिरलास!"

"काका, मी खाली गेलोच न्हाई की."

"आं?"

"उभ्या उभ्या पाय धरून पट काढला त्याचा. अन् उजवा खांदा कशाचा सोडतो? दुखावलाय न्हवं माझा. पट्टी हाय, बघा."

शिवप्पांनी चाचपलं. पट्टी होती. "अन् डोळे? मिटले व्हतेस न्हवं?"

"डोळे मिटून कुस्ती कोण करतंय काका? आंधळ्या..." रामलिंगनं जीभ चावली.

शिवप्पांनी कप खाली ठेवला आणि तोंड उज्वलाच्या दिशेला वळवलं. "अव्वा, तू दाखवतीस त्यो दर पैलवान डोळे मिटतो. जळकोटात मिटले, मुखेडात मिटले, आज माझ्या पोराचे बी मिटलेस. मला वाटायचं, पैलवानांची रीतच असंल तशी. मी कुठं बघितलंय? पण हा म्हणतो, त्यानं मिटलेच न्हाईत. मग आज मी कुणाची कुस्ती बघितली?"

उज्वलाला उत्तर दिसलं. गच्ची. हलगी. खाली दबलेला, डोळे मिटलेला, उजवा खांदा सैल सोडणारा एकच गडी.

"रामलिंगची लाल लांग वर होती," मनस्विनी मॅडम हळूच म्हणाल्या. "मला धुरकट दिसत होतं, पण लाल वरच होती आणि तुम्ही खाली म्हणत होतात. मला वाटलं, माझे डोळे आता तेवढेही राहिले नाहीत. घाबरले मी. कुणाला बोलले नाही."

शेषेराव बशीत चहा ओतत होते. "गार व्हायलाय," ते म्हणाले, आणि फुंकर मारली. चहा केव्हाच गार झाला होता.

लातूरच्या बसमध्ये सासरा खिडकीशी बसला. एका वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

"हितंच उलटली न्हवं जीप?"

"हाव मामा."

बस पुढं गेली. उज्वला म्हणाली, "तुमाला ठाव व्हतं."

"पैल्या दिवशीच." शेषेराव काचेला कपाळ टेकून बोलत होते. "त्याला म्याच शिकवलं व्हतं. नजर जायला लागली तवा. म्हणलं, दाबात गेला की डोळे मीट, अंगानं बघ. सबंध मुलखात तसं करणारा दुसरा गडी न्हाई. तू म्हणलीस, डोळे मिटले, अन् माझं अंग शहारलं. म्हणलं, आला."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर परत आला असता का?"

घरी आल्यावर तिनं माइक धाग्याच्या रिळांच्या डब्यात टाकला आणि डबा फळीवर ठेवून दिला.

पुढच्या जत्रेला चार दिवस असताना अंगणात काठी वाजली. शिवप्पा एकटेच उदगीरहून बस धरून आले होते.

"रागावलो म्हणून आलो न्हाई, अव्वा. जळकोटच्या फडात रामलिंगची मोठी कुस्ती लागलीय. सोलापूरचा गडी हाय, भारी हाय. मला माझ्या पोराची कुस्ती बघायचीय."

"काका, माझ्यानं न्हाई व्हायचं. तोंडातून दुसरंच येतंय."

"मग दुसरं कोण सांगंल? कोण बसंल आमच्यात? बाकीचे फडात येत्यात ते सोता बघायला, दुसऱ्याला दाखवायला न्हाई." म्हाताऱ्यानं काठी दोन्ही हातांत धरली. "तू कुणाची कुस्ती दाखवतीस ते कळलं मला. मेलेल्याची बघितली मी, लई बघितली. देवमाणूस व्हता, दर डावाला फिरायचा. पण माझा जिता हाय. पडंल नाहीतर पाडंल, पण माझा त्यो दाखव."

शिवप्पा जेवून गेले. अंगणात शेषेराव होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. बराच वेळ ते बाजेची सुतळी उगाच ओढत राहिले.

"पोरी, मी बी येतो फडाला."

"या की मामा."

"एक मागू? एवढी एकच कुस्ती... त्याची सांग. मग मरेपर्यंत मागणार न्हाई."

गुणाबाई दारात उभ्या होत्या. डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

माइक एकच होता. तिच्या तोंडून एकच कुस्ती निघणार होती, आणि ती ऐकायला बसणारे दोन बाप होते. एकाचा पुतण्या कुस्तीच्या मातीत, हौद्यात असणार होता आणि एकाचा मुलगा कुठंच नसणार होता.

फडाच्या दिवशी तिनं दोघांनाही शेजारी शेजारी बसवलं. कानात यंत्रं घातली. मनस्विनी मॅडम एका टोकाला, बाकीचे मागं.

"रामलिंगची लाल लांग. सोलापूरच्याची निळी," उज्वलानं सुरुवात केली. "दोघं समोरासमोर. रामलिंगचा उजवा पाय पुढं. खांद्याला पट्टी न्हाई आज. हातात हात. नुसतीच ओढाओढ. निळा मानेवर जोर द्यायलाय. रामलिंग मागं सरायलाय, एक पाऊल... अजून एक."

"बरं," शिवप्पा पुटपुटले. "बरं."

आणि गर्दी उठली.

धोतरं, पँटी, पाठी. हलगी अंगावर आल्यासारखी. त्या पाठींच्या फटीत तिला पाय दिसला, डावा, मातीनं माखलेला, अंगठ्याचं नख फुटलेला. तिनं स्वतः त्या नखाला हळद लावली होती. वास दाटला. जिभेवर शब्द तयारच होते: खाली गेला, डोळे मिटले.

"सांग की," शेषेराव कुजबुजले. "पोरी, सांग."

"दिसत न्हाई," उज्वला माइकमध्ये म्हणाली. "लोक उठलेत. मला काही दिसत न्हाई. थांबा."

पंधराजणांच्या कानात शुकशुकाट झाला. तिनं तो होऊ दिला. मग साडीचा काष्ट्यासारखा ओचा खोवला आणि सरळ खुर्चीवर चढली.

"ओ बाई! खाली बसा, मागच्याला दिसंना!"

"मला दिसंना तर हे पंधरा जण आंधळे व्हायलेत, दादा! तुमी दोन घटका व्हा!"

हशा पिकला. तिनं तो ऐकला नाही. ती बघत होती. डाव्या पायाचा माणूस कुठं गेला ते तिनं शोधलं नाही.

"निळा वर. लाल खाली. रामलिंग पालथा पडलाय, निळ्यानं त्याची मान दाबलीय. रामलिंगचे डोळे..." आवाज फाटला. "डोळे उघडे हायत. टक्क उघडे. मान फिरवून काहीतरी शोधायलाय. इकडं. शिवप्पाकाका, तो तुमच्याकडं बघायलाय."

शिवप्पांनी काठीसकट हात वर केला. "हितं हाय रे! बाळा, हितं हाय मी!"

शेजारी शेषेरावांनी कानातलं यंत्र काढलं. मुठीत घेतलं. मूठ मांडीवर ठेवली.

"निळा उलटवायलाय त्याला. रामलिंगनं माती धरलीय, बोटं रुतलीत. सुटायलीत. उलटला. एक खांदा लागला." आणि मग, अगदी हळू, "पडला. काका, रामलिंग पडला. दोन्ही खांदे लागले."

शिवप्पांचा हात वरच राहिला होता. तो सावकाश खाली आला.

"मग आता काय करायलाय? सांग की, थांबलीस का?"

"बसलाय. नाकातली माती काढायलाय. हसायलाय का रडायलाय, कळंना."

"कळंना तर कळंना म्हण. बेस हाय." म्हाताऱ्यानं नाक ओढलं. "माझ्याच पोरागत पडला बघ."

फड उठला. शिवप्पा रामलिंगच्या खांद्यावर हात टाकून गेले. जाताना दोघं कुठल्या तरी डावावरून भांडत होते. मनस्विनी मॅडमनी उज्वलाचा हात दाबला आणि एवढंच म्हणाल्या, "आज माझं दिसणं आणि तुमचं सांगणं जुळलं." बाकीचे गेले. हौद्यात दोन माणसं फावड्यानं माती सारखी करत होती.

शेषेराव खुर्चीतून उठले नाहीत. यंत्र अजून मुठीतच होतं.

"आता कोणी ऐकत न्हाई," ते म्हणाले. "आता त्याची सांग. आपल्या दोघात."

उज्वला त्यांच्या पायाशी बसली. तिला द्यायचं होतं. मनापासून द्यायचं होतं. तिनं डोळे मिटले. गच्ची होती, हलगी होती, खाली हौदा होता. हौद्यात कुणी नव्हतं. मातीवर पावलांची खूणसुद्धा नव्हती. तिनं पुन्हा बघितलं, श्वास रोखून बघितलं. एक कुस्ती होती तिच्यापाशी, ती सांगून सांगून संपली होती.

"मामा, न्हाई येत," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "गेले ते."

फावडी वाजत राहिली. म्हाताऱ्याचा हात चाचपत तिच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. मग म्हातारा बोलला.

"उदगीरला पडला व्हता त्यो."

"कोण?"

"सुदर्शन. तुमचं लग्न ठरायच्या आदी. हात लावला अन् पडला. पाठ लागली ती सबंध फडानं बघितली."

"मला तर म्हणायचे, माझी पाठ कधीच लागली न्हाई."

"बायकोला कोण सांगतंय? मला बी शपथ घातली व्हती." शेषेरावांनी घसा साफ केला. "हिरवी लांग व्हती. तवा मला अजून थोडं दिसायचं. उठला, कुणाला न बोलता फडाबाहेर गेला. मी मागनं. मला वाटलं, पोरगं हिरीत उडी बिडी घेतंय का काय. बघतो तर देवळामागच्या हलवायाकडं बसलेला. रडायलाय अन् जिलब्या खायलाय. पडला की भूक लई लागायची त्याला."

"किती खाल्ल्या?"

"मोजतंय कोण? पाक कोपरापर्यंत वघळला व्हता. मला बघितलं अन् म्हणतो..."

उज्वलानं डोळे पुसले आणि जवळ सरकली.